खुनाचे शिष्टाचार : 'द असॅसिनेशन ब्युरो' कसा पाहावा

१९०८ सालचं लंडन. पत्रकार व्हायला निघालेली सोन्या विंटर ही तरुणी पैसे घेऊन माणसं मारणाऱ्या एका गुप्त संस्थेचा माग काढते आणि थेट तिच्या अध्यक्षासमोर जाऊन बसते. तिला एक खून करवून घ्यायचा आहे. कुणाचा, असं तो अदबीनं विचारतो. ती नाव सांगते : इव्हान ड्रॅगोमिलॉफ. हे नाव समोर बसलेल्या माणसाचंच आहे. तो ना भडकतो, ना तिला दार दाखवतो. उलट त्याला भारी मौज वाटते. व्यवहार ठरतो आणि काम घेतलं जातं.

बॅसिल डिअर्डन या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'द असॅसिनेशन ब्युरो' १९६९ मध्ये आला. ड्रॅगोमिलॉफच्या भूमिकेत ऑलिव्हर रीड आहे आणि सोन्याच्या भूमिकेत डायना रिग. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली तिखट जिभेची आजी ओलेना टायरेल ज्यांना आठवते, त्यांच्यासाठी : तीच ही, ऐन तारुण्यातली. सिनेमा थोर नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण काळा विनोद नेमका चालतो कसा, हे समजून घ्यायला तो फार सोयीचा आहे, कारण त्याच्या युक्त्या लपवलेल्या नाहीत. जिथे त्या फसतात तिथेही बरंच शिकायला मिळतं. (पुढे कथानक बऱ्यापैकी उघडं होणार आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी सिनेमा पाहून यावं.)

ब्लॅक कॉमेडी म्हणजे काय, असं विचारलं की साधारण एक उत्तर मिळतं : त्यात माणसं मरतात आणि तरी हसू येतं. हे उत्तर अर्धवट आहे. नुसत्या मरणाला कुणी हसत नाही. पडद्यावर एक माणूस दुसऱ्याला भोसकतो, एवढ्यात विनोद कुठे आहे? हसू येतं ते त्या खुनाभोवती पाळल्या जाणाऱ्या रीतिभातींमुळे. मारेकरी आधी हातमोजे घालतो, माफ करा म्हणतो, आणि सुरी चुकीच्या हातात धरल्याबद्दल साथीदाराला दटावतो, तेव्हा आपल्या आत काहीतरी हलतं. मोठं पाप बिनबोभाट चाललंय आणि बारीकसारीक शिष्टाचारावर मात्र कटाक्ष आहे. सभ्य मारेकऱ्यांच्या सगळ्या गोष्टी या एका उलटापालटीवर उभ्या असतात.

पापांची उलटी उतरंड

ही उलटापालट सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. थॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकारानं १८२७ मध्ये 'ब्लॅकवूड्स' मासिकात, खून ही एक ललितकला आहे असं धरून निबंध लिहिला. त्यात खुनांचे रसिक आहेत. गाण्याच्या बैठकीत जाणकारांनी माना डोलवाव्यात तशी ही मंडळी गाजलेल्या खुनांची वाखाणणी करतात. पुढे १८३९ मध्ये त्यानं याच विषयावर दुसरा निबंध लिहिला आणि त्यात एक गंभीर इशारा दिला. माणूस एकदा का खून करू लागला, की थोड्याच दिवसांत त्याला चोरीचं काही वाटेनासं होतं. चोरीवरून तो दारूवर जातो, मग रविवारचा प्रार्थनेचा दिवस मोडतो, आणि अशी घसरण होत होत शेवटी असभ्यपणा आणि कामातली चालढकल इथवर येऊन पोचतो.

या वाक्याची घडण नीट पाहा. वडीलधारी माणसं 'आज विडी, उद्या दारू, परवा जुगार' असं बजावतात, तोच सूर, तीच चढती भाजणी. फक्त क्रम उलटा केलेला आहे. ऐकणाऱ्याचं मन सवयीनं सुराला मान डोलावतं आणि अर्थ ध्यानात येईपर्यंत अर्धा क्षण उशीर होतो. त्या अर्ध्या क्षणात हसू फुटतं.

'असॅसिनेशन ब्युरो'चं कथानक म्हणजे हाच इशारा लांबवून मांडलेला. ब्युरो ड्रॅगोमिलॉफच्या वडिलांनी स्थापन केली. तत्त्व साधं : ज्याला मारायचं तो मरायच्याच लायकीचा असला पाहिजे. जुलमी, अत्याचारी, हुकूमशहा असेच लोक घ्यायचे. पण अलीकडे संचालक मंडळातल्या ज्येष्ठांना पैशाची चटक लागली आहे. कुणालाही मारतात, फक्त दाम मिळाले म्हणजे झालं. तरुण अध्यक्षाचा संताप याच गोष्टीचा आहे. म्हणून तो स्वतःच्या खुनाचं काम स्वीकारतो आणि मंडळापुढे ठेवतो : मला मारा, नाहीतर मी तुम्हाला एकेक करून मारीन. संस्थेची साफसफाई करण्याची ही त्याची पद्धत.

गंमत अशी, की त्या टेबलाभोवती एकही माणूस 'खून करणं वाईट' असं म्हणत नाही. वाद आहे तो धंद्यातल्या सचोटीचा. आणि आपण प्रेक्षक? पहिला अर्धा तास उलटायच्या आत आपण प्रामाणिक खुन्यांच्या बाजूनं आणि भ्रष्ट खुन्यांच्या विरुद्ध उभे असतो. घरी आपण कायद्याला मानणारी माणसं. इथे मात्र ड्रॅगोमिलॉफनं पुढच्या संचालकाला कधी गाठावं याची वाट पाहतो. आपल्याला असं नकळत पक्षात ओढणं ही काळ्या विनोदाची पहिली कामगिरी.

ही संस्था कंपनी आहे, हे सुद्धा उगाच नाही. ब्रिटनमध्ये सिनेमा झळकला तेव्हा नावाच्या शेवटी 'लिमिटेड' होतं. मर्यादित जबाबदारीचा कायदा तिथे १८५५ मध्ये आला. धंदा बुडाला तर भागधारकाचं नुकसान त्यानं घातलेल्या रकमेपुरतं, त्याच्या घरादारावर टाच येत नाही. व्यापाराच्या दृष्टीनं ही मोठी सोय होती, आणि टीकाकारांच्या मते जबाबदारी झटकण्याचीही. आता ही सोय मारेकऱ्यांना लावून पाहा. अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, मंडळाची सभा आहे, आणि हातून घडलेल्या खुनाची जबाबदारी मर्यादित. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ज्यांनी कधी तीन तास काढले आहेत, त्यांना या बैठकीचा सूर लगेच ओळखू येईल : विषय कितीही भयंकर असो, आधी कोरम हवा.

आणि सोन्या? तिला खुनाचं हे दुकान बंद पाडायचं आहे. सिनेमात खून वाईट असं सरळ म्हणणारी तीच काय ती एक. पण दुकान बंद पाडण्यासाठी ती काय करते, तर गिऱ्हाईक होते. नीतीच्या लढाईचा आरंभ सुपारीनं! लेखकांनी यावर फार जोर दिलेला नाही, पण माझ्या मते अख्ख्या पटकथेतली सगळ्यात काळी जागा हीच. या गोष्टीत हात स्वच्छ ठेवून कुणालाच बसता येत नाही.

अर्धवट राहिलेली कादंबरी

मूळ कल्पना सिनेमावाल्यांची नव्हे. १९१० मध्ये जॅक लंडन हा अमेरिकेतला गाजलेला, भरपूर खपणारा लेखक होता आणि त्याला कथाबीजं कमी पडत होती. सिंक्लेअर लुइस नावाचा एक तरुण पोरगा कथाबीजं विकायचा. लंडननं ती रोख पैसे मोजून घेतली. त्यातलंच एक हे. (हाच लुइस पुढे १९३० मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला. कल्पना विकत घेणाऱ्याला मात्र ते कधी मिळालं नाही.) लंडननं लिहायला घेतलं आणि मध्येच अडकला. १९१६ मध्ये तो वारला तेव्हा हस्तलिखित अपुरंच होतं. रॉबर्ट फिश या रहस्यकथाकारानं ते पूर्ण केलं आणि १९६३ मध्ये पुस्तक निघालं.

कादंबरी अमेरिकेत घडते आणि सिनेमापेक्षा पुष्कळ वेगळी आहे. तिथे सोन्या नाही. विंटर हॉल नावाचा श्रीमंत, सुधारकी विचारांचा तरुण आहे, ज्याचं पहिलं नाव सिनेमातल्या नायिकेला आडनाव म्हणून मिळालं. तो ड्रॅगोमिलॉफकडे जातो आणि दोघांत वाद रंगतो : समाजाच्या भल्यासाठी खून करणं समर्थनीय आहे का? ड्रॅगोमिलॉफ वादात हरतो. हरल्यावर तो ते मान्य करतो, आणि तत्त्वनिष्ठ माणूस असल्यामुळे स्वतःला मारण्याचा हुकूम स्वतःच्याच संस्थेला देतो. त्याचे मारेकरी विद्वान लोक आहेत. त्यांना नीतीचं अक्षरशः वेड आहे. अध्यक्षाला मारायचंय हे ठरलेलं असताना ते त्याच्याबरोबर जेवायला बसतात, तत्त्वज्ञानावर गप्पा मारतात, कारण तेवढ्यापुरता तह झालेला असतो आणि तह मोडणं वाईट.

लंडन अडकला यात नवल नाही. प्रत्येक पात्र शब्दाला इतकं पक्कं असेल तर तर्काच्या वाटेनं चालत गेल्यावर शेवट एकच उरतो : टेबलाभोवतीचे सगळे मरतात. विनोदाला शेवटी कुठूनतरी फट लागते, आणि या माणसांत फट नाही.

सिनेमानं हा वाद जवळपास गुंडाळून टाकला. वादविवादाच्या जागी आव्हान आलं, अमेरिकेच्या जागी युरोपची सफर आली : पॅरिसची कोठी, झुरिकची बँक, व्हिएन्ना, व्हेनिस. प्रत्येक शहरात एक संचालक, प्रत्येकाचा निकाल वेगळ्या ढंगानं. पाहायला झकास, पण कादंबरीतला तो वादात हरलेला खुनी गेला याची चुटपुट राहते.

खरे तत्त्वनिष्ठ मारेकरी

सभ्य, तत्त्वाला जागणारा मारेकरी ही निव्वळ कल्पनेची भरारी वाटते, पण लंडन लिहीत होता तेव्हा वर्तमानपत्रं अशा माणसांनी भरलेली होती. १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बनं मारला गेला. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो, १८९८ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, १९०० मध्ये इटलीचा राजा उम्बेर्तो, १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली. आणि सिनेमा ज्या वर्षात घडतो त्याच १९०८ च्या फेब्रुवारीत लिस्बनच्या रस्त्यावर पोर्तुगालचा राजा कार्लोस आणि त्याचा युवराज.

अशा मारेकऱ्यांत इव्हान कालियायेव हा रशियन क्रांतिकारक विशेष. १९०५ च्या फेब्रुवारीत झारचा काका ग्रँड ड्यूक सर्गेई याच्या गाडीवर बॉम्ब टाकायला तो मॉस्कोत उभा होता. गाडी आली. आत ड्यूकची बायको आणि त्याच्या भावाची लहान मुलं दिसली, आणि कालियायेवनं हात आवरला. दोनच दिवसांनी, ड्यूक एकटा असताना, त्यानं बॉम्ब टाकला. पकडला गेला, फाशी गेला. हा प्रसंग पुढे आल्बेर कामूनं नाटकासाठी घेतला, आणि त्या नाटकात हसण्यासारखं काही नाही.

त्याच संघटनेचा दुसरा चेहरा मात्र कुठल्याही प्रहसनाला लाजवील असा. सोशालिस्ट रेव्होल्युशनरी पक्षाच्या लढाऊ पथकाचा प्रमुख येव्नो अझेफ. मंत्री आणि ड्यूक मारण्याचे बेत हा आखायचा, आणि त्याच वेळी झारच्या गुप्त पोलिसांचा पगारही घ्यायचा. १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे मारला गेला तो अझेफच्या पथकाकडून, म्हणजे ज्या खात्याचा पगार खात होता त्या खात्याचा सर्वोच्च अधिकारीच त्यानं उडवला. १९०८ च्या सुमारास त्याचं बिंग फुटलं. खुनाच्या कचेरीचा प्रमुख नेमका कुणाच्या बाजूनं आहे हे त्याच्याच माणसांना ठाऊक नाही, ही ब्युरोची गोष्ट अशी प्रत्यक्षात घडून गेलेली होती.

या काळाचा आपल्याशी थेट धागा आहे. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, आणि बंगालचे हेमचंद्र कानूनगो पॅरिसमध्ये रशियन निर्वासितांकडून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकले, ते याच सुमारास. १९०८ च्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. त्यावर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांसाठी जुलैमध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. राजकीय खुनाला काही नैतिक आधार असतो का, हा प्रश्न त्या वर्षी मुंबईच्या न्यायालयात अगदी गंभीरपणे उभा होता.

हे इथे सांगण्याचं कारण आहे. कालियायेव किंवा आपले क्रांतिकारक यांच्यावर असा हलकाफुलका सिनेमा कुणी काढला तर आपण हसणार नाही, चिडू. ती माणसं आपल्याला जवळची आहेत, त्यांचा जीव खरा होता. म्हणूनच सिनेमानं आपले मारेकरी आणि त्यांचे बळी दोन्ही खऱ्या इतिहासापासून हातभर लांब ठेवले आहेत. इथला आर्चड्यूक आहे रुथेनियाचा, आणि असं संस्थान कुणाच्याच आजोबांचं नव्हतं.

हृदयाला भूल

हे अंतर राखणं हा काळ्या विनोदाचा खरा कस. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यानं १९०० च्या आपल्या हास्यावरच्या पुस्तकात म्हटलंय, की विनोद घडायला हृदयाला थोडा वेळ भूल द्यावी लागते. कळवळा जागा असला की हसू येत नाही. मग भूल द्यायची कशी?

एक मार्ग म्हणजे काळ आणि कपडे. १९६९ चा विचार करा. १९६३ मध्ये केनेडी गेले होते. १९६८ मध्ये जेमतेम दोन महिन्यांच्या अंतरानं मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघेही गोळ्यांना बळी पडले होते. राजकीय खून लोकांच्या घरात टीव्हीवर दिसत होता. अशा वेळी आधुनिक सूट घातलेल्या भाडोत्री मारेकऱ्यांचा विनोद कुणाला पचला असता? त्यांच्या डोक्यावर उंच टोपी आणि हातात चांदीच्या मुठीची काठी आली की तेच प्रकरण परीकथेच्या जवळ सरकतं. त्या दशकात एडवर्डच्या काळातल्या पोशाखी विनोदी सिनेमांची लाटच होती, ती अगदीच निरुद्देश नव्हती.

दुसरा मार्ग चित्र आणि आवाज यांची फारकत करण्याचा. यासाठी मात्र वीस वर्षं मागे, ईलिंग स्टुडिओच्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'कडे जायला हवं. १९४९ चा हा सिनेमा रॉबर्ट हॅमरचा. 'असॅसिनेशन ब्युरो'शी त्याचं घरचं नातं आहे : निर्माता आणि पटकथाकार मायकेल रेल्फ १९४९ च्या सिनेमाचा सहनिर्माता होता, आणि डिअर्डनही त्याच ईलिंगमध्ये तयार झालेला.

'काइंड हार्ट्स'मध्ये लुई मॅझिनी (डेनिस प्राइस) हा ड्यूक घराण्यानं झिडकारलेल्या बाईचा मुलगा. आईला कुटुंबाच्या दफनभूमीत जागा नाकारली जाते, आणि हा वारसाहक्काच्या रांगेत आपल्यापुढे उभ्या असलेल्या नातलगांना एकेक करून संपवायला घेतो. त्या घराण्यातल्या आठ जणांची कामं एकट्या ॲलेक गिनेसनं केली आहेत, बाईचंसुद्धा. लोक ते कौतुकानं सांगतात, पण त्यात एक धूर्त सोयही आहे. मरणारा प्रत्येक जण त्याच चेहऱ्याचा असला, की एक गेला तरी आपल्याला पोकळी जाणवत नाही. पुढच्या प्रसंगात तो हजरच असतो, नव्या मिशा लावून.

त्यातला एक प्रसंग मी कुणालाही काळा विनोद समजावून सांगताना वापरीन. हेन्री या चुलतभावाला छायाचित्रणाचा नाद आहे. बागेच्या टोकाला त्याची काळोखी खोली आहे, आणि लुईनं तिथल्या दिव्यात रॉकेलच्या जागी पेट्रोल घालून ठेवलंय. आता लुई हेन्रीच्या बायकोबरोबर, एडिथबरोबर, बागेत चहा घेत बसला आहे. बोलणं अत्यंत सुसंस्कृत. दूर कुठेतरी दबका आवाज होतो आणि भिंतीपलीकडून धुराचा लोट वर चढू लागतो. एडिथची त्याच्याकडे पाठ आहे. लुई तो पाहतो, आपणही पाहतो, आणि संभाषण चालूच राहतं. कॅमेरा भिंतीपलीकडे जात नाही. एकही किंकाळी नाही, रक्त नाही. खून आपल्या डोळ्यांसमोर घडतो, पण डोळ्यांना दिसतो तो फक्त चहा. रीतिभाती पुढे आणि मृत्यू मागे, ही सगळी कला एका चौकटीत मावली आहे. कॅमेरा डग्लस स्लोकोम्बचा.

'असॅसिनेशन ब्युरो' या उंचीला जात नाही. त्याचा भर वेगावर आणि थाटावर आहे. कॅमेरा मात्र जेफ्री अन्सवर्थ या अव्वल माणसाचा, ज्यानं चित्रित केलेला कुब्रिकचा अंतराळपट '२००१ : अ स्पेस ओडिसी' आदल्याच वर्षी आला होता. संगीत 'डॉक्टर हू'ची धून करणाऱ्या रॉन ग्रेनरचं. आणि नटांची फळी अशी, की सिनेमा लंगडला तरी चेहऱ्यांवर तरून जावा. कोठीत सापडणारा फ्रेंच संचालक म्हणजे फिलिप न्वारे, पुढे 'सिनेमा पॅराडिसो'मधला लाडका आल्फ्रेदो. जर्मन जनरल कुर्ट युर्गेन्स. वृत्तपत्रसम्राट लॉर्ड बॉस्टविक झालेला टेली सव्हालास त्याच वर्षी बाँडपटात खलनायक होता आणि डायना रिग त्याच बाँडपटात नायिका.

गुन्हेगार सुटू शकतो का?

दोन सिनेमांमधल्या वीस वर्षांत एक मोठा बदल झाला, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे शेवट कळत नाहीत. हॉलिवूडची नियमावली असं सांगायची, की पडद्यावर गुन्ह्याला फळ मिळता कामा नये, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. 'काइंड हार्ट्स' इंग्लंडमध्ये बनला तरी अमेरिकेत दाखवायचा तर हा नियम आड येत होता. लुई तुरुंगात बसून आपल्या सगळ्या खुनांची कबुली सविस्तर लिहितो, आणि अगदी शेवटी सुटका झाल्यावर त्याच्या ध्यानात येतं की ते कागद कोठडीतच राहिले. मूळ सिनेमा तिथेच संपतो. पुढे काय झालं हे आपल्यावर सोपवून. अमेरिकन प्रतीत काही सेकंदांची पुरवणी जोडली : कागद अधिकाऱ्यांच्या हाती पडतात. एवढ्या छोट्या तुकड्यानं मौज गेली, कारण तोवर दीड तास आपण ज्याच्या बाजूनं होतो, त्याला एका झटक्यात शाळामास्तरांच्या ताब्यात दिलं.

१९६८ मध्ये ती नियमावली गेली आणि वयोगटाप्रमाणे श्रेणी देण्याची पद्धत आली. त्यामुळे १९६९ चा ड्रॅगोमिलॉफ हसतमुखानं खून करू शकतो, सोन्याचं मन जिंकू शकतो, आणि शेवटी नायक राहू शकतो. पण मोकळीक मिळाली आणि धार थोडी गेली, असं मला वाटतं. लुईच्या मानेवर फास लटकत असतो म्हणून त्याचा सभ्यपणा लखलखतो. ड्रॅगोमिलॉफला फास कधी जाणवतच नाही.

झेपेलिन आल्यावर

सिनेमा गडबडतो तो शेवटच्या भागात. बॉस्टविक, ज्यानं सोन्याला नोकरी दिली आणि पाठबळ पुरवलं, तो ब्युरोचाच उपाध्यक्ष निघतो. प्रेक्षकाला हे आधी कळतं, तिला फार उशिरा. (१९०८ मध्येच लॉर्ड नॉर्थक्लिफनं 'द टाइम्स' विकत घेतला होता. सर्वशक्तिमान वृत्तपत्रमालकाची धास्ती त्या काळातली खरीच.) त्याचा बेत असा, की युरोपातले राजे आणि राष्ट्रप्रमुख एका गुप्त शांतता परिषदेला जमले की वरून झेपेलिनमधून, म्हणजे वायूनं तरंगणाऱ्या अवाढव्य हवाई जहाजातून, बॉम्ब टाकून सगळ्यांना एकदम उडवायचं आणि युरोप खिशात घालायचा.

तपशील काळाला धरून आहे. १९०८ च्या ऑगस्टमध्ये एक खरं झेपेलिन जर्मनीत एख्टरडिंगेनला जळून खाक झालं होतं, आणि एच. जी. वेल्सची आकाशातून होणाऱ्या युद्धावरची कादंबरीही त्याच वर्षी निघाली होती. तक्रार वेगळीच आहे. एक खून करायचा तर योजना लागते, शिष्टाचार लागतो, बळीचा स्वभाव ओळखावा लागतो. पन्नास जणांना एकदम मारायचं तर नुसता मोठा बॉम्ब पुरतो. शिष्टाचाराला जागा उरत नाही, म्हणजे विनोदालाही नाही. शिवाय बॉस्टविक हा साधा सत्तेचा भुकेला खलनायक. त्याला ना तत्त्व, ना तत्त्व मोडल्याची लाज. मंडळाच्या टेबलावरचे लोभी म्हातारे मजेदार होते ते तत्त्वाचं सोंग आणत होते म्हणून. सोंग गळून पडलं की उरते ती साहसकथा, आणि ती इथे बऱ्यापैकी सरधोपट आहे.

मला चुटपुट लागते ती वेगळ्या गोष्टीची. ही परिषद भरते कशामुळे? रुथेनियाचा आर्चड्यूक मारला जातो म्हणून. आणि तो मरतो कसा? ड्रॅगोमिलॉफसाठी सॉसेजमध्ये लपवलेला बॉम्ब भलत्याच्याच वाट्याला जातो. युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, तो एका चुकलेल्या सॉसेजपायी. १९६९ च्या प्रेक्षकाला हसता हसता साराजेव्हो आठवलंच असणार. १९१४ च्या जूनमध्ये तिथेही पहिला बॉम्ब ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड याच्या गाडीला न लागता मागच्या गाडीखाली फुटला. पुढे त्याच्या चालकानं चुकीचं वळण घेतलं, गाडी थांबली, आणि समोर नेमका गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. जगाचा नकाशा बदलणारा खून असा वळणाच्या चुकीतून घडला. सिनेमाच्या हातात ही एवढी काळी, एवढी खरी थट्टा आलेली होती. त्यानं ती दोन मिनिटांत उरकली आणि झेपेलिनच्या मागे धावला.

दोन्ही सिनेमे पाहायचे असतील तर आधी १९६९ चा पाहा, मग १९४९ चा. उलट क्रमानं पाहिलेत तर 'असॅसिनेशन ब्युरो' उगाच बापुडा वाटेल, आणि तेवढा तो नाही. आणि 'काइंड हार्ट्स'ची अमेरिकन प्रत हाती लागली, तर लुईला कागद आठवले रे आठवले की सिनेमा बंद करा.